अपस्मार: लंघनाकडून वजनकाट्याकडे

घरातल्या लेकराला फिट येऊ लागली की डॉक्टरांच्या गोळ्यांपाठोपाठ शेजारपाजारचे सल्लेही सुरू होतात. कांदा हुंगवा, अंगारा लावा, देवीला कौल लावा, हे जुने सल्ले. अलीकडे त्यांत एका नव्या सल्ल्याची भर पडली आहे, आणि तो इतिहासाचा दाखला देत येतो: ‘फेफऱ्यावर उपवास हा हजारो वर्षांचा उपाय आहे. ग्रीकांना ठाऊक होता, आयुर्वेदाला ठाऊक होता. औषध कंपन्यांनी तो दडपला. आता कीटो डाएट म्हणून तोच परत आला आहे.’

या सांगण्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच ते पसरते. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो उथळ आहे आणि आजारी मुलाच्या बाबतीत धोक्याचाही आहे. या लेखाचे म्हणणे असे: उपवास हा अपस्मारावरचा उपचार म्हणून कधी टिकलाच नाही. तो एक सुगावा होता. त्या सुगाव्यातून खरा उपचार उभा राहिला तो मोजमाप आल्यावर, आणि तो उभा राहत असताना उपवास हळूहळू गळून पडला. ‘जुने ज्ञान परत आले’ असे म्हणणारा माणूस या इतिहासातला सर्वांत मोलाचा भागच वगळतो.

हे म्हणणे पायरी-पायरीने तपासता येते.

१. प्राचीन साक्ष नेमके काय सांगते?

इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास लिहिलेला ‘पवित्र रोगाविषयी’ हा ग्रंथ हिपोक्रेटिसच्या परंपरेतला आहे. हा आजार देवाच्या कोपाने होत नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे त्यात ठामपणे मांडले आहे. उपवासाचे समर्थक या परंपरेचा हवाला देतात, कारण तिच्यातल्या दुसऱ्या एका ग्रंथात अन्नपाणी पूर्ण बंद करून झटके थांबलेल्या माणसाची नोंद आढळते. पण ‘पवित्र रोगाविषयी’मध्ये आहाराबद्दल जे आले आहे, ते क्वचितच सांगितले जाते.

त्या काळचे मांत्रिक रुग्णांना ठरावीक पदार्थ वर्ज्य करायला सांगत: काही मासे, शेळीचे मांस, डुकराचे मांस, कोंबडा, पुदिना, लसूण, कांदा. शेळीच्या कातड्यावर झोपायचे नाही, असाही दंडक होता. ग्रंथकार यावर विचारतो: शेळीमुळे हा रोग होत असेल, तर लिबियाच्या अंतर्भागात राहणारे लोक निरोगी कसे? ते तर शेळीचेच मांस खातात आणि शेळीच्याच कातड्यावर झोपतात. म्हणजे या ग्रंथाने पथ्याचा पुरस्कार न करता पथ्याचीच परीक्षा घेतली. पुढे इरॅसिस्ट्रेटस या वैद्याच्या नावावर अपस्माराच्या रुग्णाला कठोर उपवास घडवण्याचे मत नोंदले गेले. गॅलेननेही शरीर हलके करणाऱ्या आहाराची शिफारस केली. ही मते आहेत. किती जणांना उपाशी ठेवले, किती दिवस, आणि जेवण सुरू झाल्यावर काय झाले, याची मोजदाद त्यांत नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाचाही दाखला दिला जातो. त्याच्या नवव्या अध्यायात झटके येणाऱ्या मुलाची कथा आहे आणि असला आत्मा प्रार्थनेने व उपासानेच निघतो, असे वचन येते. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ‘उपास’ हा शब्दच नाही, तो पुढे आलेला आहे. शिवाय उपास करायचा आहे तो बरे करणाऱ्याने, मुलाने नव्हे.

आयुर्वेदाचा मुद्दा आपल्या अधिक जवळचा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला दहावा अध्याय अपस्मारावर आहे. वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार, वमन-विरेचन-बस्ती ही शोधनाची साधने, आणि पंचगव्य घृत, ब्राह्मी घृत यांसारखी औषधी तुपे त्यात आहेत. ‘तूप आहे, म्हणजे कीटो आहे’ अशी उडी यावरून मारली जाते. मात्र औषध म्हणून घेतलेले चमचाभर तूप आणि दिवसाच्या ९० टक्के उष्मांकांसाठी घेतलेले तूप यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्या तुपासोबत भात, गहू, मूग सोडायला सांगितलेले नाहीत आणि कीटोन, म्हणजे शरीर चरबी जाळू लागले की तयार होणारी द्रव्ये, यांची सारी मदार धान्य सुटण्यावर आहे. चरकाचा मोठेपणा त्याच्या स्वतःच्या चौकटीत पुरेसा आहे. त्याच्या नावावर विसाव्या शतकातला शोध लावण्याची गरज नाही.

२. चुकीची उपपत्ती, खरे निरीक्षण

आधुनिक काळातला पहिला पद्धतशीर प्रयत्न १९११ चा, पॅरिसमधला. गेल्पा आणि मारी या डॉक्टरांनी २० रुग्णांवर कमी उष्मांकांचा शाकाहार, अधूनमधून उपवास आणि रेचक यांचा प्रयोग केला. स्पष्ट फायदा दिसला तो दोघांना. बहुतेकांना ही पथ्ये झेपलीच नाहीत.

नंतरचे दृश्य अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावाचे. बर्नार मॅकफॅडन हा व्यायाम आणि उपवासाचा प्रचारक तिथे लोकप्रिय झाला होता. त्याचा सहकारी ह्यू कॉन्क्लिन हा ऑस्टिओपॅथ अपस्माराच्या रुग्णांना नुसत्या पाण्यावर ठेवू लागला, कधी १८ दिवस, कधी २५. त्याची उपपत्ती अशी, की आतड्यातल्या ग्रंथींतून एक विष रक्तात मिसळते आणि साठले की झटका येतो, म्हणून आतड्याला विश्रांती द्यावी. दहा वर्षांखालच्या मुलांत ९० टक्के यश मिळते, असा त्याचा दावा होता.

उपपत्ती साफ चुकीची होती आणि आकडेही विश्वासार्ह नव्हते. तरी झटके थांबत होते, एवढे त्याने पाहिले ते खरे होते. पुढचा सारा इतिहास घडला तो या निरीक्षणाला उपपत्तीपासून वेगळे काढणाऱ्यांमुळे.

कॉन्क्लिनकडे उपचार घेतलेल्या मुलांत न्यूयॉर्कचे वकील चार्ल्स हाउलँड यांचा मुलगा होता. चार्ल्स यांचे भाऊ जॉन हाउलँड जॉन्स हॉपकिन्समध्ये बालरोगशास्त्राचे प्राध्यापक होते. उपवासाने मुलाला बरे वाटते, पण का, हा प्रश्न चार्ल्सना स्वस्थ बसू देईना. १९१९ मध्ये त्यांनी भावाच्या हाती संशोधनासाठी ५,००० डॉलर ठेवले. एका बापाने आशेचा प्रचार करण्याऐवजी तिच्या तपासाला पैसे दिले. उपवासाच्या शरीरक्रियेवरचे जेम्स गॅम्बल यांचे अभ्यास या वाटेने पुढे गेले.

१९२१ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. रॉल गेलिन यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनात उपवासाचे निष्कर्ष मांडले. हार्वर्डमध्ये स्टॅन्ली कॉब आणि विल्यम लेनॉक्स यांनी तपासणी सुरू केली. उपवासाच्या दोन-तीन दिवसांतच झटके कमी होतात, हे त्यांनाही दिसले. आणि एक कटू गोष्टही समोर आली: रुग्ण जेवू लागला की बहुधा झटके परततात. उपवासाला लाभलेले यश उपवासापुरतेच होते. वाढत्या वयाच्या मुलाला कायम उपाशी तर ठेवता येत नाही. उपवास हाच उपाय मानणाऱ्यांची वाट इथे संपते.

३. १९२१: जेवूनही उपाशी

या कोंडीतून मार्ग काढला तो मधुमेहाच्या अभ्यासकांनी. शिकागोचे रोलिन वुडयट यांनी १९२१ मध्ये दाखवले, की उपाशी माणसाच्या शरीरात जी कीटोन द्रव्ये दिसतात, तीच पिष्टमय पदार्थ अगदी कमी आणि स्निग्ध पदार्थ खूप जास्त असलेल्या आहारानेही दिसतात. त्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी पुढचे पाऊल टाकले. उपवासाचा फायदा जर या कीटोनांमुळे होत असेल, तर उपवासाची गरजच काय? त्यांनी या आहाराला ‘कीटोजेनिक’ हे नाव दिले.

कल्पनेला मापे दिली मायनी पीटरमन यांनी, तेही मेयो क्लिनिकमध्येच. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम प्रथिने, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदके आणि उरलेले सारे उष्मांक स्निग्ध पदार्थांतून. १९२५ मध्ये त्यांनी ३७ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला: १९ जणांचे झटके थांबले होते, १३ जणांचे बरेच कमी झाले होते.

शंभर वर्षांनंतर आजही मूळ आहाराचा हिशेब जवळपास हाच आहे. २० किलो वजनाच्या मुलाला दिवसाला १,२०० उष्मांक द्यायचे असतील, तर स्निग्ध पदार्थ चार भाग आणि प्रथिने व कर्बोदके मिळून एक भाग या वजनी प्रमाणात १२० ग्रॅम स्निग्ध पदार्थ येतात. प्रथिने आणि कर्बोदके मिळून उरतात ३० ग्रॅम. त्यांतली २० ग्रॅम प्रथिने गेली की कर्बोदकांना जागा फक्त १० ग्रॅमची. एका मध्यम पोळीतच याहून जास्त कर्बोदके असतात. खोकल्याच्या औषधातली साखरही हिशेबात धरावी लागते.

हे पथ्य देवघरातून आलेले नाही. ते स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर तोललेले औषध आहे, आणि काटा नसेल तर ते औषध राहत नाही.

४. कट की सोय?

१९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम यांनी बॉस्टनमध्ये फेनिटॉइन या औषधाचा परिणाम दाखवून दिला. १८५७ पासून ब्रोमाइड होते आणि १९१२ पासून फेनोबार्बिटल, पण दोन्हींनी रुग्ण मंद होई. फेनिटॉइनने झोप न आणता झटके रोखले. आहार मागे पडला.

‘औषध कंपन्यांनी दडपले’ हा आरोप इथेच उभा राहतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. आईने दिवसातून तीन वेळा काट्यावर लोणी तोलायचे, की दोन गोळ्या द्यायच्या? गोळी जिंकली ती सोयीमुळे, आणि बहुसंख्य रुग्णांसाठी ती निवड योग्यच होती. आरोपात खरे तेवढे असे, की लोण्याला पेटंट नसते. त्यामुळे या आहाराच्या चाचण्यांवर पैसा लावणारे कोणी नव्हते आणि हा हिशेब जाणणारे आहारतज्ज्ञ कमी होत गेले. ही उपेक्षा होती आणि तिची किंमत ज्या मुलांना गोळ्या लागू पडत नव्हत्या त्यांनी मोजली. पण उपेक्षा आणि कट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दशकांतही काम पूर्ण थांबले नाही. १९७१ मध्ये पीटर हुटेनलॉकर यांनी मध्यम लांबीच्या मेदाम्लांचे तेल वापरून पथ्य काहीसे सैल केले. जॉन्स हॉपकिन्सने तर आहाराची परंपरा सतत जपली.

५. प्रसिद्धी १९९४ ची, पुरावा २००८ चा

१९९३ मध्ये हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या तान्ह्या मुलाला, चार्लीला, झटके येऊ लागले. अनेक औषधे झाली, मेंदूची शस्त्रक्रियाही झाली, उपयोग झाला नाही. वडिलांनी स्वतः वाचन करून हा आहार शोधला. जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉन फ्रीमन आणि आहारतज्ज्ञ मिलिसेंट केली यांच्या देखरेखीखाली तो सुरू झाला आणि चार्लीचे झटके थांबले. १९९४ मध्ये अब्राहम्स यांनी चार्ली फाउंडेशन काढले. १९९७ मध्ये मेरिल स्ट्रीप यांची भूमिका असलेला चित्रपटही आला.

एका मुलाची कथा जगाला हलवू शकते, पण उपचार सिद्ध करू शकत नाही. लंडनमधल्या एलिझाबेथ नील, हेलन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी १४५ मुलांची यादृच्छिक चाचणी केली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आले. तीन महिन्यांनंतर आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले होते. आहार न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. वाइल्डर यांच्या कल्पनेपासून या पुराव्यापर्यंत ८७ वर्षे गेली.

लेखाच्या मुख्य म्हणण्याला सर्वांत थेट आधार मात्र २००५ च्या फिलाडेल्फियातल्या चाचणीचा आहे. हा आहार सुरू करताना मुलाला आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवण्याची प्रथा होती. तिथल्या डॉक्टरांनी ४८ मुलांचे दोन गट केले: एकाला उपवासाने सुरुवात, दुसऱ्याला हळूहळू वाढवलेला आहार. तीन महिन्यांनी झटक्यांवरचा परिणाम दोन्ही गटांत तुल्यबळ होता. उपवास न केलेल्या मुलांचे वजन कमी घटले आणि रक्तातली साखर उतरण्यासारखे त्रासही कमी झाले. ज्याच्या नावाने हा इतिहास सांगितला जातो, तो उपवास काढून घेतला तरी उपचार शाबूत राहिला.

६. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: आहार कसा काम करतो हे पक्के माहीत नाही, मग श्रद्धेत आणि यात फरक काय? बरेच माहीत आहे. १९६७ मध्ये ओवेन, केहिल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की दीर्घ उपवासात मेंदू बहुतांश ऊर्जा कीटोनांतून घेतो. १९९१ मध्ये डी विवो आणि सहकाऱ्यांनी अशा आजाराचे वर्णन केले, ज्यात ग्लुकोज मेंदूत नेणारे प्रथिनच अपुरे असते. या मुलांत कीटोन हे पर्यायी इंधन ठरतात आणि कीटोजेनिक आहार हाच प्रमुख उपचार आहे. मध्यम लांबीच्या मेदाम्लांपैकी एक असलेले डेकॅनॉइक आम्ल चेतापेशींवरच्या उद्दीपक ग्राहकांना थेट रोखते, असे २०१६ मध्ये प्रयोगशाळेत दिसले. २०१८ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात आतड्यातल्या जिवाणूंचाही हात आढळला. सगळे धागे अजून जुळलेले नाहीत. पण श्रद्धेपासून फरक पडतो तो चाचणीने: ती फसली असती, तर हा आहार सोडून द्यावा लागला असता.

दुसरा आक्षेप: आहार एवढा चांगला, तर गोळ्या कशाला? २००० साली ग्लासगोच्या क्वान आणि ब्रोडी यांनी ५२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६३ टक्के रुग्णांचे झटके थांबले, बहुतेकांचे पहिल्या किंवा दुसऱ्या औषधावरच. सर्व प्रकारच्या रुग्णांत एवढा परिणाम आहाराने अजून दाखवलेला नाही. पण पहिली दोन औषधे हरली की तिसऱ्याने यश मिळण्याची शक्यता फार थोडी उरते. आहाराची जागा इथे आहे.

तिसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो: पुरावा कच्चा आहे आणि लोकांना हे झेपत नाही. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन समीक्षेनेही पुराव्याची खात्री कमी दर्जाची ठरवली. आहार अर्ध्यावर सोडणारे बरेच असतात. बद्धकोष्ठ, मूतखडे, रक्तातली चरबी वाढणे, उंची खुंटणे हे त्रास खरे आहेत, आणि मेदाम्लांच्या चयापचयाचे काही जन्मजात दोष असलेल्या मुलाला हा आहार जिवावर बेतू शकतो. यातून निष्कर्ष निघतो तो देखरेखीचा. औषधांचेही दुष्परिणाम असतात, म्हणून ती कुणी फेकून देत नाही.

चौथा आक्षेप घराघरातला: आपले जेवण भात-पोळीचे, हे पाश्चात्त्य पथ्य इथे कसे चालणार? चालते, आणि ते इथेच तपासले गेले आहे. मुंबईत डॉ. जनक नाथन आणि सहकाऱ्यांनी भारतीय मुलांवरचा अनुभव २००९ मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये मांडला. दिल्लीच्या एम्समध्ये सुधारित अ‍ॅटकिन्स आहाराची १०२ मुलांवर चाचणी झाली. या आहारात सगळेच तोलावे लागत नाही, मुख्यतः कर्बोदकांवर मर्यादा असते. २०१३ च्या निष्कर्षांत आहार घेणाऱ्या ५२ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले होते, इतरांत हे प्रमाण ११.५ टक्के होते. २०२० मध्ये एम्सनेच १७० मुलांवर तीन प्रकारच्या आहारांची तुलना प्रसिद्ध केली. पनीर, अंडी, खोबरे, लोणी, तूप, पालेभाज्या यांत आपल्याला परके काही नाही.

७. आपला उपवास वेगळा आहे

महाराष्ट्रात ‘उपवास’ हा शब्दच दिशाभूल करतो. एकादशीच्या ताटात साबुदाणा, वरी, बटाटा, रताळे असते. साबुदाण्याचे जवळजवळ ८७ टक्के वजन कर्बोदकांचे. खिचडीसाठी ५० ग्रॅम साबुदाणा भिजवला, तर वरच्या हिशेबातल्या मुलाचा चार दिवसांचा कोटा एका बशीत संपतो. अशा उपवासाने कीटोन तयार होत नाहीत.

दुसऱ्या टोकाला निर्जळी उपवास आणि जागरण. तिथे धोका वेगळाच: गोळी चुकते, झोप मोडते, साखर उतरते. यांतले प्रत्येक कारण झटका आणू शकते. हरतालिकेच्या रात्री गोळी न घेता जागणारी तरुणी कोणताही प्राचीन उपचार करत नसते. ती एका ओळखीच्या धोक्याला सामोरी जात असते, आणि हे तिला घरातल्या मोठ्यांनी सांगायला हवे.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान आणि उपचार मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरीब देशांतल्या बहुसंख्य रुग्णांपर्यंत मात्र साधी, स्वस्त गोळीही पोचत नाही. अशा ठिकाणी उपवासाचा महिमा सांगणे म्हणजे रुग्णाला आणखी दूर लोटणे.

म्हणून घरच्यांना कळकळीची विनंती आहे. कुणाच्या सांगण्यावरून गोळी बंद करू नका; अचानक बंद केलेल्या गोळीने न थांबणारा झटका येऊ शकतो. मोबाइलवर आलेला कीटो तक्ता मुलावर आजमावू नका. आणि दोन औषधे योग्य मात्रेत देऊनही झटके सुरूच असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना सरळ विचारा: या मुलाला आहारोपचार चालेल का, आणि तो देणारे आहारतज्ज्ञ जवळ कुठे आहेत? हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.